शिपाई सेनापती का होत नाही?

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास संरक्षण खात्याकडून एक लांबलचक यादी निघते. मोठी वर्तमानपत्रे तिची दखल घेत नाहीत. ही यादी मानद कमिशनची असते. अठ्ठावीस-तीस वर्षे लष्करात घालवलेल्या निवडक सुभेदार व सुभेदार मेजरांना निवृत्तीच्या तोंडावर, कधी निवृत्तीनंतर, ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हा हुद्दा दिला जातो. मग गावात फलक लागतो, बुद्धविहारात सत्कार होतो, साहेबांच्या खांद्यावरचे स्टार लहान मुले हात लावून बघतात. या आनंदात मिठाचा खडा टाकण्याची आमची इच्छा नाही. पण एक साधा हिशेब समाजबांधवांनी करून पाहावा. एकवीस-बावीस वर्षांचा तरुण ज्या लेफ्टनंटच्या हुद्द्यावरून नोकरीला सुरुवात करतो, तो हुद्दा या माणसाला नोकरी संपताना मिळतो, आणि तोही मानद! एकाची जिथे पहिली पायरी, तिथे दुसऱ्याची शेवटची. असे का?

लष्करात अधिकारी थेट बाहेरून भरावेत की शिपायांमधून वर आणावेत, हा प्रश्न वरवर पाहता लष्करी तज्ज्ञांचा वाटतो. आपल्या चळवळीत त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. आपण सैन्यात आरक्षण मागतो, महार रेजिमेंटचा अभिमान बाळगतो, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देतो. परंतु शिपाई आणि अधिकारी यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे ती कोणी बांधली आणि आजही ती कोणाच्या सोयीसाठी उभी आहे, हे आपण विचारत नाही. हुकूम कोणी द्यायचा आणि तो कोणी झेलायचा, हे जन्माने ठरवणाऱ्या व्यवस्थेचे चटके ज्यांनी सोसले, त्यांनी तरी हा प्रश्न तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

आधी ही भिंत समजून घेऊ. भारतीय लष्करात शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार अशी चढण आहे. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओ. त्यावर लेफ्टनंटपासून जनरलपर्यंतचे अधिकारी. बाहेरच्या बहुतेक सैन्यांत जेसीओ नावाचा थरच नाही. तिथे तीस-पस्तीस जवानांच्या प्लाटूनचे नेतृत्व लेफ्टनंट करतो. आपल्याकडे तेच काम नायब सुभेदार किंवा सुभेदार करतो. म्हणजे दुसऱ्या देशात जे काम अधिकाऱ्याचे समजले जाते, ते आपला सुभेदार रोज करतो. फक्त त्याला अधिकारी म्हणायचे नाही.

हा थर आला कुठून? इंग्रजांना हिंदी पलटणीत शिपायांची भाषा जाणणारा, त्यांच्यावर वचक असणारा माणूस हवा होता. पण त्याने गोऱ्या माणसावर हुकूम चालवता कामा नये, अशीही सोय हवी होती. म्हणून सुभेदार-जमादार व्हाइसरॉयच्या कमिशनवर आणि गोरा अधिकारी राजाच्या कमिशनवर. तीस लढाया पाहिलेला सुभेदार मेजरही कालच विलायतेहून आलेल्या मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली. राजाच्या कमिशनचे दार हिंदी माणसाला पहिल्या महायुद्धात, १९१७ नंतर, किलकिले झाले, तेही संस्थानिक आणि बड्या घराण्यांच्या मुलांसाठी. १९४७ नंतर व्हाइसरॉय गेला. त्याच्या नावाचे कमिशन जाऊन ज्युनिअर कमिशन असे नवे नाव आले. नाव बदलले, पायरी तीच राहिली. गोरा साहेब गेला आणि त्याच्या खुर्चीवर देशी साहेब बसला. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा करणाऱ्या देशाला आपल्या सैन्यातला हा वर्णाश्रम खटकला नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. बाबासाहेबांचे घराणे लष्करी. आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी सुभेदार, आजोळचे मुरबाडकरही सुभेदारीपर्यंत चढलेले. स्वतः बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतला. मुंबई इलाख्याच्या फौजेत बंगालच्या फौजेइतके जातीचे स्तोम नव्हते. तिथे महार शिपाई आपल्या कर्तबगारीवर सुभेदार होई, आणि हाताखालच्या सवर्ण शिपायाला त्याला सलाम ठोकावा लागे. गावात ज्याची सावली चालत नाही त्याला छावणीत सलाम! रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैनिकांच्या मुलाबाळांना सक्तीचे शिक्षण होते. ज्या पिढीने पहिल्यांदा अर्ज लिहिले, सभा भरवल्या, ती या छावण्यांतून आलेली आहे. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदारच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत निवृत्त सैनिक होते, ते उगीच नव्हे.

मग १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लढाऊ जमातींचा सिद्धांत पुढे करण्यात आला. ज्यांनी १८१८ मध्ये कोरेगावला दिवसभर उपाशीतापाशी पेशव्यांची फौज रोखून धरली, ते म्हणे लढाऊ नाहीत! बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानवरील १९४० च्या ग्रंथात फौजेच्या घडणीचे आकडे मांडून दाखवले, की ही विभागणी शौर्यावर नव्हे, १८५७ नंतरच्या राजकारणावर उभी होती. त्याच काळात जातवार कंपन्यांची पद्धत पक्की झाली. कंपनी ज्या जातीची, सुभेदार-जमादारही त्याच जातीचे. म्हणजे कोणत्याही सवर्ण शिपायाला खालच्या जातीच्या सुभेदाराला सलाम करण्याची वेळच येऊ नये. भरतीबंदी आणि जातवार कंपन्या या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर दुखणे कुठे होते ते कळते. महाराने बंदूक धरण्यापेक्षा महाराने हुकूम देणे अनेकांना सलत होते.

वलंगकरांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडण्यातही आली. गरज सरो, वैद्य मरो.

इथपर्यंतचा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. पुढचा भाग मात्र आपण सहसा सांगत नाही, आणि आमच्या मते खरे नुकसान तिथे झाले. १९३२ साली डेहराडूनला इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. दर सहामाहीला चाळीस जागा. त्यांपैकी पंधरा परीक्षा व नेमणुकीने बाहेरच्या तरुणांना, दहा संस्थानी फौजांना आणि उरलेल्या पंधरा लष्करातल्या शिपायांना! म्हणजे ज्या ब्रिटिश सरकारला आपण साम्राज्यवादी म्हणतो, त्याने आपल्या पहिल्या हिंदी अकादमीत एक तृतीयांशाहून अधिक जागा खालून वर येणाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या. त्यांना तयार करण्यासाठी १९२९ पासून नौगाँगला किचनेर कॉलेज चालू होते. पहिल्याच तुकडीत सॅम माणेकशा होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच तुकडीत मोहम्मद मुसा नावाचा क्वेट्ट्याकडचा हजारा जमातीचा तरुण होता, हे फारसे कोणी सांगत नाही. तो शिपाई म्हणून फौजेत भरती झालेला. माणेकशा भारताचे सरसेनापती झाले आणि हा शिपाई १९५८ ते १९६६ पाकिस्तानचा सरसेनापती राहिला. १९६५ च्या युद्धात समोरच्या सैन्याचा प्रमुख कोण होता? डेहराडूनला शिपायांच्या कोट्यातून शिकलेला माणूस. शिपायाच्या डोक्यात सेनापतीची बुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण त्या पंधरा जागांवर महार असणार कसा? शिपायांमधून अधिकारी घ्यायचे, तर आधी शिपाई असला पाहिजे. १९३२ मध्ये नियमित पायदळात महारांची पलटणच नव्हती. पंजाब आणि सरहद्दीकडील लढाऊ ठरवलेल्या जमातींना या जागांचा लाभ झाला. गोलमेज परिषदेच्या संरक्षण उपसमितीत बाबासाहेबांनी फौजेची भरती सर्वांना, अस्पृश्यांनाही, खुली करण्याचा आग्रह धरला, तो का, हे यावरून समजते. ते केवळ शिपायाच्या नोकऱ्या मागत नव्हते. माऱ्याच्या जागा हा त्यांचा शब्द, आणि फौजेइतकी माऱ्याची जागा दुसरी कोणती? १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पण १९३२ ते १९४१ ही नऊ वर्षे गेली ती गेली. स्वतंत्र भारताची फौज ज्यांनी घडवली, ते मेजर-कर्नल याच वर्षांत कमिशन घेऊन बसले होते. १८९२ च्या बंदीने आपल्या आजोबांची भाकरी गेली असे आपण म्हणतो. नातवांच्या वाट्याचे सेनापतिपदही तिनेच नेले.

महार रेजिमेंटने देशाला दोन सरसेनापती दिले, के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी. रेजिमेंटला त्याचा अभिमान आहे आणि तो असावा. पण हे दोघेही अधिकाऱ्यांच्या दारातून रेजिमेंटमध्ये आले. त्याच रेजिमेंटच्या शिपायांच्या दारातून आत आलेला कोणीही तिथवर पोहोचला नाही. एकट्या महार रेजिमेंटचेच असे नाही. स्वातंत्र्यानंतर आजवर झालेल्या एकाही भारतीय सरसेनापतीने शिपाई म्हणून नोकरी सुरू केलेली नाही. महाराष्ट्रातून अरुणकुमार वैद्य, मनोज नरवणे, मनोज पांडे सरसेनापती झाले. तेही थेट अधिकारी म्हणूनच लष्करात गेले.

कोणी म्हणेल, आज तर शिपायाला अधिकारी होता येते. खरे आहे. किचनेर कॉलेजच्या जागी १९६० मध्ये आर्मी कॅडेट कॉलेज आले. १९६४ पासून काही वर्षे ते आपल्या पुण्यातच होते, नंतर डेहराडूनला गेले. बारावी झालेला जवान सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्यासाठी परीक्षा देऊ शकतो. तीन वर्षे पदवी, मग एक वर्ष अकादमी. पस्तिशीच्या आसपासच्या जवानांना स्पेशल कमिशन्ड ऑफिसर आणि त्याहून वयस्करांना स्पेशल लिस्टची वाट आहे. या वाटेने आलेल्या अधिकाऱ्यांनी सीमेवर रक्त सांडले आहे, त्यांच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही. शंका व्यवस्थेबद्दल आहे. एनडीएचा मुलगा बावीसच्या आत लेफ्टनंट होतो. जवान कॅडेट कॉलेजातून बाहेर पडतो तेव्हा तिशीला आलेला असतो. तेरा वर्षांच्या सेवेनंतर लेफ्टनंट कर्नल, म्हणजे त्रेचाळीस. कर्नलचे निवृत्तीचे वय चोपन्न. ब्रिगेडियरच्या निवडीला साधारण पंचवीस वर्षांची सेवा लागते. आता वाचकांनीच बेरीज करावी. जवानाने शिपाई म्हणून घालवलेली सहा-सात वर्षे, ज्यांत तो हिमनदीवर उभा राहिला, ती वरिष्ठतेच्या हिशेबात त्याच्या विरुद्ध जातात. अनुभव ही पात्रता न राहता दंड होतो. दार उघडे आहे, पण आतला जिना दोन मजल्यांचाच.

परीक्षा कोणत्या भाषेत होते, तेही पाहा. एनडीएच्या लेखी परीक्षेत नऊशेपैकी दोनशे गुण इंग्रजीला. कमिशनसाठीच्या सीडीएसमध्ये तीनशेपैकी शंभर. त्यानंतर एसएसबीची पाच दिवसांची निवड, जिथे गटचर्चा, मुलाखत, चालणे-बोलणे सारे जोखले जाते. अधिकाऱ्यासारखे गुण म्हणजे काय, याची परीक्षा अधिकारी घेतात. अधिकाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला ते गुण जेवणाच्या टेबलावर मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, चार वर्षे पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या अंगी नेतृत्व आहे की नाही, हे त्याच्या इंग्रजी उच्चारावरून ठरू लागले, तर तो कितीही धाडसी असो, तो पडणारच. सैनिकी शाळांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहे, साताऱ्याच्या शाळेतही आहे. त्याच मुलांना पुढे कमिशनच्या दारात आरक्षण नाही. शाळेपर्यंत सामाजिक न्याय आणि त्यापुढे गुणवत्ता, असा हा कारभार.

या अंतराचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. देशासाठी लढायला भरती झालेला जवान साहेबांच्या घरी बूट पुसतो, मुलांना शाळेत सोडतो. सहायक नावाची ही प्रथा बंद करा, असे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ सालीच सांगितले. सातव्या वेतन आयोगानंतर लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये आणि जवान व जेसीओंना ५,२०० रुपये ठरले. हा भत्ता सैनिकी जीवनाच्या धोक्यासाठी व हालअपेष्टांसाठी आहे. पगार हुद्द्याप्रमाणे वेगळा असू शकतो. पण गोळीचा धोकाही हुद्दा बघून येतो काय? निवृत्त जवान याच प्रश्नावर २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसले होते. शिपायांतून आलेले अधिकारी धोरण ठरवणाऱ्या टेबलावर पुरेशा संख्येने असते, तर असा आकडा कागदावर उतरला असता असे आम्हाला वाटत नाही.

विरोधकांचे एक म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. काल ज्याच्यासोबत बराकीत झोपला, त्याला आज मरणाच्या तोंडी जाण्याचा हुकूम माणूस कसा देईल? यावर उपाय साधा आहे, त्याला दुसऱ्या पलटणीत पाठवा. जगात हे झालेले आहे. इंग्लंडचा विल्यम रॉबर्टसन १८७७ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि १९२० मध्ये फील्ड मार्शल झाला. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश साम्राज्याच्या सेनेचा मुख्य सल्लागार होता. अमेरिकेत बेंजामिन डेव्हिस हा कृष्णवर्णीय १८९९ मध्ये शिपाई झाला, दोन वर्षांत परीक्षा देऊन अधिकारी झाला आणि १९४० मध्ये अमेरिकी सैन्याचा पहिला कृष्णवर्णीय ब्रिगेडियर जनरल. वंशभेद कायद्याने चालणाऱ्या देशात हे घडले. इस्रायलमध्ये तर अधिकारी होऊ पाहणाऱ्याला आधी शिपाईच व्हावे लागते. आपले राज्यकर्ते इस्रायलची शस्त्रे विकत घेतात, ही पद्धत घेत नाहीत. दुसरे म्हणणे असे, की आघाडीवर तरुण अधिकारी लागतात. मग एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच जवानांची निवड करा, कोणी अडवले आहे?

चळवळीतल्या काही मित्रांना मात्र वेगळे सांगायचे आहे. शिपायांमधून अधिकारी घ्या, एवढीच मागणी करून आपला प्रश्न सुटणार नाही. १९३२ चा धडाच तो आहे. शिपायांची भरती जर जात आणि प्रदेशांच्या जुन्या साच्यातूनच होणार असेल, तर खालून वर जाणारेही त्याच साच्यातले असतील. चमार रेजिमेंट १९४३ मध्ये उभी राहिली आणि १९४६ मध्ये मोडली. जाट, राजपूत, डोगरा रेजिमेंट जागेवर आहेत. म्हणून भरतीचे दार आणि कमिशनचे दार, दोन्ही एकाच वेळी मागावे लागतील. एक उघडून दुसरे बंद ठेवण्यात व्यवस्था तरबेज आहे.

आणि नेमक्या याच वेळी २०२२ च्या अग्निपथ योजनेने पहिले दारही फिरते करून टाकले. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के आत, बाकीचे घरी. जे वय जवानाने कमिशनच्या परीक्षेची तयारी करण्याचे, त्या बावीस-पंचवीसच्या वयात तो निधीचा धनादेश घेऊन गावी परतणार आणि बँकेच्या दारात पहारेकरी होण्यासाठी रांगेत उभा राहणार. दुसऱ्या बाजूला सरकारच संसदेत सांगते, की २०२३ च्या आरंभी लष्करात आठ हजारांहून अधिक अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. अधिकारी मिळत नाहीत आणि प्रशिक्षित तरुण घरी पाठवायचे, हे कोणते राष्ट्रहित?

सैन्यात जात नसते, असे उत्तर आपल्याला मिळेल. २००६ मध्ये सच्चर समितीने सैन्यातील मुस्लिमांचे आकडे मागितले, तेव्हा केवढे वादळ उठवले गेले ते आठवावे. समितीच्या अहवालात ते आकडे आले नाहीत. म्हणून जातीचा आकडा नंतर मागू. आधी ज्याला कोणाचाही आक्षेप असू शकत नाही, तो मागू. आपल्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढेच विचारावे: गेल्या दहा वर्षांत शिपायांमधून किती जणांना कमिशन मिळाले, त्यांपैकी किती कर्नल आणि किती ब्रिगेडियर झाले, चार वर्षे पूर्ण करणाऱ्या किती अग्निवीरांना कमिशनच्या परीक्षेला बसता आले, आणि १९३२ मध्ये चाळीसांत पंधरा असलेला शिपायांचा वाटा आज किती उरला आहे.